प्रक्रिया केलेले सांडपाणी ओलितासाठी वापरताना

धरणाचे पाणी शहरांकडे वळू लागल्यापासून शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून शेतीस परत देण्याचा मार्ग पुढे आला आहे. पुणे शहराचे असे पाणी मुंढवा येथील जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्यात सोडतात व ते हवेली आणि दौंड तालुक्यांतील शेतीस मिळते. हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते विहिरीच्या किंवा धरणाच्या पाण्यासारखे समजून वापरले तर जमीन बिघडते.

शुद्धीकरण केंद्रात प्रथम गाळ बसवतात व नंतर जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण कुजवून काढतात. त्यामुळे वास जातो, पाणी नितळ दिसते. मात्र पाण्यात विरघळलेले क्षार या प्रक्रियेत निघत नाहीत. साबण, धुण्याची पावडर, स्वयंपाकघरातील मीठ यांतून आलेला सोडियम तसाच राहतो. "पाणी तर स्वच्छ दिसते, मग तपासायचे कशाला?" असा प्रश्न शेतकरी मेळाव्यात हमखास येतो. त्याचे उत्तर हेच की, क्षार डोळ्यांना दिसत नाहीत.

समजा, पाण्याची विद्युत वाहकता १.२ डेसीसायमन प्रति मीटर आहे. अशा एक लिटर पाण्यात सुमारे ७७० मिलिग्रॅम क्षार असतात. सहा सेंटिमीटरच्या एका पाळीत हेक्टरी ६०० घनमीटर पाणी बसते, म्हणजे एका पाळीत सुमारे ४६० किलो क्षार जमिनीत येतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते खाली धुऊन जातात. खोल काळ्या जमिनीत निचरा मंद असल्याने ते साठतात, सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात व जमीन चोपण होते. म्हणून अशा जमिनीत आधी चर काढावेत, मगच हे पाणी घ्यावे. जिप्सम माती परीक्षणाच्या शिफारशीनुसारच टाकावे. निचरा नसेल तर त्याचाही उपयोग होत नाही. ताग किंवा धैंचा गाडल्यास जमीन भुसभुशीत राहते.

आता खताचा हिशेब. पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल, तर एका पाळीत हेक्टरी १२ किलो व दहा पाळ्यांत १२० किलो नत्र मिळते. युरियाच्या जवळजवळ सहा गोण्या झाल्या! सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, म्हणजे निम्मे नत्र पाण्यातूनच आले. तरीही नेहमीचा हप्ता दिला तर ऊस लोळतो, पक्वता लांबते, साखर उतारा घटतो. खताची गोणी मापून टाकता येते. पाण्यातील नत्र मात्र पीक पक्व होताना नको असले तरी येतच राहते. यासाठी दुसरे पाणी असल्यास शेवटच्या पाळ्या त्याच्या द्याव्यात.

पिकांची निवड आरोग्याच्या दृष्टीने करावी. ऊस, कापूस, चारा पिके, साग-बांबू यांना हे पाणी चालते. काकडी, गाजर, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाण्याच्या पिकांना ते देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली अशा पिकांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू १,००० पेक्षा व लिटरमध्ये जंतांची अंडी एकापेक्षा अधिक नसावीत, अशी मर्यादा सुचवली होती. केंद्रातून निघालेले पाणी नदीत मिसळून पुन्हा उचलले जात असेल, तर वाटेत शुद्ध न केलेले पाणीही मिसळते असे धरूनच चालावे. चारा तोडण्यापूर्वी काही दिवस पाणी बंद ठेवून तो सुकवून जनावरांना घालावा. दारे धरताना अनवाणी जाऊ नये, गमबूट घालावेत. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

ठिबक बसवायचे असल्यास वाळूची गाळणी व चकतीची गाळणी दोन्ही हवीत, नाहीतर शेवाळाने तोट्या बुजतात. फवारा सिंचन टाळावे.

पाण्याचा नमुना वर्षातून निदान दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, स्वच्छ बाटलीत एक लिटर घेऊन त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा. सामू, विद्युत वाहकता, सोडियमचे प्रमाण, बोरॉन व नत्र यांची तपासणी मागावी. वाहकता ०.७ पर्यंत असल्यास काळजी नाही. ३ च्या वर गेल्यास ते पाणी एकटे वापरू नये, विहिरीच्या गोड्या पाण्यात मिसळून द्यावे. कालव्यालगतच्या विहिरीचे पाणी घरात पीत असाल तर त्यातील नायट्रेटही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. अधिक आढळल्यास ते पाणी तान्ह्या मुलांना मुळीच देऊ नये. उकळून नायट्रेट जात नाही.