चहाच्या गाळणीतला ओढा

‘पाण्यात किडे आहेत, म्हणजे पाणी घाण,’ असं आपण मुलांना सहज सांगून टाकतो. ओढ्याची ओळख करून द्यायची तर आधी हे वाक्य सोडायला हवं. पाण्याची तब्येत कळते ती त्यात कोणते किडे आहेत यावरूनच.

आइस्क्रीमचा पांढरा डबा घ्या आणि त्यात दोन बोटं पाणी घाला. वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड मुलांना अलगद उचलू द्या आणि त्याची खालची बाजू बघू द्या. दगडाला चपटून बसलेला, मागे बहुधा तीन दोरे असलेला जीव दिसला, तर ते मेफ्लायचं पिल्लू. त्याच्या पोटाच्या कडेला पानांसारखे कल्ले सतत हलत असतात. भिंगातून ते पाहताना वर्गातलं सर्वांत दंगेखोर पोरही गप्प होतं. वाळूचे कण आणि पानांचे तुकडे रेशमानं चिकटवून घर बांधणारी कॅडिस माशीची अळीही इथेच भेटते. या दोन्हींच्या बहुतेक जातींना भरपूर प्राणवायू लागतो, त्यामुळे सांडपाणी मिसळलं की त्या लवकर नाहीशा होतात. लाल, दोऱ्यासारख्या अळ्या मात्र टिकतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. गावाच्या वरच्या अंगाला दहा दगड आणि खालच्या अंगाला दहा दगड तपासून मुलांनी स्वतः मोजणी करावी. फरक त्यांचा त्यांनाच दिसेल. दगड पुन्हा होता तसाच, त्याच जागी ठेवायचा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हाही असाच समज. जंतू आणि विरघळलेली रसायनं डोळ्यांना दिसत नाहीत. उलट आषाढातल्या पाण्याचा गढूळपणा बऱ्याचदा मुख्यतः मातीमुळे असतो.

‘डबकं दिसलं की डास आलेच, बुजवून टाका.’ इथे मी ठामपणे नाही म्हणेन. जिवंत तळ्यात चतुराची पिल्लं असतात आणि ती डासांच्या अळ्या फस्त करतात. चहाच्या गाळणीनं काठाच्या गवतातून एक पिल्लू डब्यात घ्या. त्याचा खालचा ओठ घडी उलगडून झपकन पुढे येतो आणि भक्ष्य पकडतो. डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः टायर, पिंप, कुंडीखालची ताटली अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यात वाढतो. तेव्हा आधी आपलं अंगण तपासावं.

काळजी मात्र हवीच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पाणी घोट्यापर्यंतच असावं, मोठं माणूस सोबत असावं आणि नंतर साबणानं हात धुवावेत.

‘आटलं, म्हणजे मेलं,’ हा समज मोडायला मे महिना उत्तम. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या खळग्यांत पावसाळ्यात फेअरी श्रिंप दिसतात: कोळंबीसारखे, जवळजवळ पारदर्शक, पाठीवर पोहणारे. खळगा कोरडा पडला तरी त्यांची अंडी मातीत जिवंत राहतात. अशा एखाद्या आटलेल्या खळग्यातली मूठभर माती बरणीत घाला, वर पहिल्या पावसाचं पाणी ओता आणि उजेडात ठेवा. दरवेळी काही निघेलच असं नाही, पण रोज भिंगातून बघून वहीत नोंद करायला लावा. पंधरा दिवसांनी ते पाणी मातीसकट त्याच खळग्यात परत ओता.