शर्यतीवरचं नाव आणि कागदावरची सही

कोल्हापूरला आश्रयदाते नवे नाहीत. खासबाग मैदान शाहू महाराजांच्या कुस्तीप्रेमातून उभं राहिलं, आणि आजही फडात कोणी किती इनाम लावलं ते माइकवरून पुकारलं जातं. देणारा, घेणारा आणि रक्कम सगळ्या मैदानासमोर असते. मोटार शर्यतीत प्रेक्षकाला फक्त फलक दिसतो.

इथल्या मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, फेऱ्या झाल्या, तेव्हा जे. के. टायरचं नाव स्पर्धेच्या शीर्षकातच होतं. इथलाच चालक कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला 3 पर्यंत पोचला. तेव्हा त्या फलकामागच्या कराराचा प्रश्न आपल्या दारातला आहे.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकाला कार्टिंगची स्पर्धा पुरस्कृत करायची आहे. तो पैसे देतो आयोजकाला. त्यातून ट्रॅकचं भाडं, राष्ट्रीय महासंघ एफएमएससीआयचा परवाना, मार्शल, टायमिंगची यंत्रणा, रुग्णवाहिका आणि विमा हे सगळं भागवायचं असतं. म्हणून रकमेच्या आधी हप्ते ठरवावेत. थोडे पैसे सहीच्या वेळी, थोडे परवाना आणि विम्याची प्रत हातात आल्यावर, उरलेले शर्यत झाल्यावर, फलकांचे फोटो आणि अधिकृत निकालपत्र पाहून. आयोजकाचीही बाजू आहे. शब्द देऊन ऐनवेळी हात वर करणारे प्रायोजक थोडे नाहीत, आणि तोवर ट्रॅकवाल्याला पैसे गेलेले असतात. तेव्हा माघारीचा दंड दोघांनाही असावा. पावसाने फेरी पुढे गेली तर काय, हेही लिहावं. कोल्हापुरात जुलैची तारीख घेणाऱ्याने तर नक्कीच.

प्रायोजकाच्या माघारीचा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते हैदराबादने दाखवलं. 11 फेब्रुवारी 2023 रोजी तिथे फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. पुढच्या हंगामाआधी खासगी प्रायोजक बाजूला झाला आणि त्याने भरायचे पैसे तिथल्या महानगर विकास प्राधिकरणाने भरले. 2024 ची शर्यत मात्र रद्द झाली. करांसह सुमारे 55 कोटी रुपये आवश्यक मंजुरीविना गेले, असा आरोप ठेवून डिसेंबर 2024 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. पैसे दिले गेले तेव्हा तेलंगणाचे मंत्री असलेल्या के. टी. रामा राव यांनी आरोप फेटाळले आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवेल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: प्रायोजक निघून गेला तर त्याची जागा कोण, कुणाच्या परवानगीने घेणार, हे आधी कागदावर हवं. सार्वजनिक पैसा असेल तर तो कागद लोकांनाही पाहता यायला हवा.

दुसरा गुंता प्रायोजकच माल पुरवतो तेव्हाचा. सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर सक्तीचे केले, तर शर्यत समान पातळीवर होते. पण ते टायर स्पर्धकाने विकत घ्यायचे असतील, तर दर आणि प्रत्येकी किती संच हे प्रवेश घेण्याआधीच जाहीर हवं. आणि गाड्यांच्या तपासणीच्या टेबलावर प्रायोजकाचा माणूस नको, तो कितीही सज्जन असला तरी.

फाउंड्रीमालक विचारेल, 'हा खर्च सीएसआरमध्ये दाखवू का?' नाही. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरायचं नाही, असं जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. हा जाहिरातखर्च आहे. त्यावर जीएसटीही लागतो, तेव्हा ठरलेली रक्कम करासह की करावेगळी, हे करारात यावं. अर्धी भांडणं इथूनच निघतात.

प्रायोजक थेट चालकाशी करार करतो, तेव्हा सगळ्यात दुबळा पक्ष म्हणजे तो चालक, आणि कार्टिंगमध्ये तो बहुधा शाळकरी असतो. 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणून सही पालकाची, जबाबदारीही पालकाची. 'पुढची पाच वर्षं सगळ्या बक्षिसांत वाटा' असलं कलम दिसलं, की ते वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उघडू नये. दुखापतीमुळे हंगाम बुडाला तर दिलेले पैसे परत मागणार का, हेही तिथेच विचारून घ्यावं. आणि मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, की जुन्या कागदावर नुसती सही जोडून भागत नाही. नव्या अटी बोलून नवा करार करावा लागतो.