तान्ह्या मुलांची करपल्लवी

आमच्या घरीं सध्यां एक दहा महिन्यांचें नातवंड आहे. गेल्या महिन्यांत त्याच्या आईनें त्यास दूध, पाणी व ‘संपलें’ अशा तीन खुणा शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. वडीलधाऱ्या बायकांचें म्हणणें असें कीं, हातानें काम भागतें हें एकदां मुलास कळलें म्हणजे तें जिभेस कशाला श्रम देईल? सूनबाईंचें म्हणणें, रडून रडून बेजार होण्यापेक्षां त्यानें हात हालविलेले बरे. निवाडा आमच्याकडे आला. आम्ही चाळीस वर्षें वर्गांत ‘हात खालीं ठेवून बोल’ म्हणून मुलांस दटावीत आलेले; तेव्हां आमचा कल कोणीकडे असेल हें सांगावयास नको. परंतु निकाल देण्यापूर्वीं पुरावा पाहावा म्हणून जें वाचलें, त्यानें आमचें मत पालटलें.

वस्तुतः ही विद्या आपल्या घरांत नवी नाहीं. ‘जय कर’ म्हणतांच देवापुढें हात जोडणारें, बाहेर निघालेल्या काकांस हात हालविणारें, चांदोबाकडे बोट दाखविणारें, वाटी रिकामी झाली कीं दोन्ही तळवे उघडे करणारें मूल कोणीं पाहिलें नाहीं? गिरगांवांतल्या चाळींत तर अशा खुणा तें खोलीपेक्षां गॅलरींतच अधिक शिकतें. मोठ्यांचें म्हणाल, तर संध्येंत गायत्रीजपापूर्वीं २४ मुद्रा सांगितल्या आहेत. माध्यंदिन शाखेचे बटु हाताच्या चालीनें उदात्त-अनुदात्त दाखवीत वेद म्हणतात. भरतानें नाट्यशास्त्रांत २४ असंयुत व १३ संयुत हस्त वर्णिले आहेत. करपल्लवी हा शब्दही आपलाच. तिनें कोणाची वाणी खुंटल्याचें ऐकिवांत नाहीं.

जीभ, ओठ, टाळू व श्वास यांचा मेळ घालून ‘पाणी’ म्हणणें हें मोठेंच कौशल्य आहे. मूठ मिटून अंगठा तोंडाकडे नेणें त्या मानानें सोपें. पहिला शब्द बहुधा वर्षाच्या सुमारास फुटतो, पण समज त्याच्या कितीतरी आधीं आलेली असते. मधल्या काळांत मुलास हवें तें सांगतां येत नाहीं आणि मोठ्यांस तें ओळखतां येत नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लिंडा अ‍ॅक्रेडोलो या विदुषींस आपली सुमारें वर्षाची मुलगी फूल दिसलें कीं नाक फुरफुरविते असें आढळलें. हीच तिची ‘फूल’ या अर्थाची खूण. त्यांनीं सुसान गुडविन यांच्यासह हा विषय पुढें नेला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत १०३ मुलें होतीं. ज्यांस खुणा शिकविल्या तीं बोलण्यांत मागें पडलीं नाहींत, उलट कांहीं काळ पुढेंच दिसलीं. परंतु २०१३ सालीं इंग्लंडांत ४० मुलांवर झालेल्या प्रयोगांत भाषेच्या वाढींत असा कांहीं लाभ आढळला नाहीं. मात्र खुणा शिकविणाऱ्या आया मुलाच्या हालचालींकडे अधिक लक्ष देऊं लागल्या. सारांश, बृहस्पति होईल म्हणून कोणी पैसे मागूं लागल्यास ते देऊं नयेत. आणि मूल मुकें राहील ही भीतिही धरूं नये.

एकत्र कुटुंबांत एक अडचण येते. आजी एक खूण करते, आत्या दुसरी, आणि बाळ गोंधळतें. सर्वांनीं एकच खूण करावी, तीही तो पदार्थ समोर असतांना आणि तोंडानें शब्द उच्चारून. बाळाची खूण ओबडधोबड असली तरी ती मान्य करावी. खूण केल्याशिवाय दूध द्यावयाचें नाहीं असली शिस्त मात्र कोणी लावूं नये. आमच्यासारख्या मास्तरांस तो मोह होतो.

आतां ज्याकरितां हा लेख लिहिण्याचें मनांत आलें तें सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्याच मजल्यावर एक मुलगी जन्मली. दोन वर्षांची झाली तरी बोलेना. ‘तिचे वडीलही उशिराच बोलले’ असें सारे म्हणत, आम्हीही म्हटलें. तिसऱ्या वर्षीं ती बहिरी असल्याचें निष्पन्न झालें. तेव्हां आम्हीं, शिक्षक या अधिकारानें, तिच्या आईस बजाविलें कीं खुणा मुळींच करूं नका, नाहीं तर ती कधींच बोलणार नाहीं. त्या माउलीनें तें तंतोतंत पाळलें. शाळेंत जाईपर्यंत त्या मुलीस आईशीं बोलण्यास भाषाच नव्हती. भूक लागली कीं ती पदर ओढीत आईला ओट्याशीं नेई, हें आम्ही दारांतून पाहत असूं.

हा आमच्या एकट्याचाच गैरसमज नव्हता. १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या परिषदेनें बहिऱ्या मुलांस खुणांऐवजीं तोंडी पद्धतीनेंच शिकवावें असा ठराव केला, आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. मुंबईंत बिशप लिओ म्यूरिन यांनीं १८८५ सालीं मूकबधिरांची शाळा काढली, तो हा काळ. त्या ठरावाबद्दल परिषदेनें खेद व्यक्त करावयास २०१० साल उजाडावें लागलें. दरम्यान १९९१ सालीं लॉरा पेटिटो यांनीं दाखविलें होतें कीं, खुणांची भाषा बोलणाऱ्या आईबापांचीं बहिरीं तान्हीं मुलें ऐकणाऱ्या मुलांच्या बोबड्या बडबडीप्रमाणेंच हातांनीं बडबडतात. दिल्लींतील भारतीय सांकेतिक भाषेच्या संस्थेनें २०१८ सालीं ३,००० शब्दांचा कोश काढला; २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला.

कानांची तपासणी आतां जन्मानंतर थोड्याच दिवसांत होऊं शकते. पहिल्या महिन्यांत तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. वांद्र्यास १९८३ पासून अली यावर जंग संस्था याच कामासाठीं आहे. ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहणाऱ्या आजोबांनीं तेथपर्यंतचें लोकलचें तिकीट काढावें.

ती मुलगी आतां मोठी झाली असून नोकरी करते. परवां ती आमच्याकडे आली असतां बाळानें रिकामी वाटी पाहून दोन्ही तळवे उघडे केले. आम्हां सर्वांच्या आधीं तिच्या तें ध्यानांत आलें. तिनें वाटी भरून दिली आणि त्यास आणखी एक खूण करून दाखविली. ती कशाची हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. बाळ मात्र दिवसांतून दहा वेळां ती करून दाराकडे पाहत असतें.