हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड-लातूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं लिहिली जातात आणि त्यात तो दिवस हमखास 'हिस्टॉरिकल डे' होतो. मुलांचा फारसा दोष नाही. मराठीत 'ऐतिहासिक' एवढा एकच शब्द, आणि आपण तो कागदपत्रांनाही लावतो, क्रांतीलाही.

गैरसमज : दोन्ही शब्द एकच, 'हिस्टॉरिकल' जरा भारदस्त, इतकंच.

वस्तुस्थिती : इतिहासाशी ज्याचा संबंध आहे ते सगळं हिस्टॉरिकल, इतिहासाला ज्यानं वळण दिलं तेवढंच हिस्टॉरिक. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. तो दिवस हिस्टॉरिक. त्या लढ्यातली पत्रं, फर्मानं, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी ही मात्र हिस्टॉरिकल साधनं. राष्ट्रकूटांच्या लेखांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' अशी बिरुदावली येते आणि ते लट्टलूर म्हणजेच लातूर असं मानलं जातं. हा पुरावाही हिस्टॉरिकलच.

उदगीरच्या लढाईवर कुणी कादंबरी लिहिली, तर ती हिस्टॉरिकल नॉव्हेल. मराठी कादंबरीची दिशाच तिनं बदलली, तरच हिस्टॉरिक. प्रकाशन समारंभातले वक्ते आधीच तसं म्हणून मोकळे होतील, ते सोडा.

गैरसमज : हिस्टॉरिक म्हणजे जुनंपुराणं.

वस्तुस्थिती : वयाचा संबंध नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर. त्याच दिवशी कुणी त्याला हिस्टॉरिक म्हटलं असतं, तर भाषेच्या दृष्टीनं काही चूक नव्हती.

गैरसमज : हा गौरवाचा शब्द आहे.

वस्तुस्थिती : सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज हाच, आणि त्याला आपली वर्तमानपत्रं जबाबदार आहेत. सभा ऐतिहासिक, मोर्चा ऐतिहासिक, बाजार समितीतला विजयसुद्धा ऐतिहासिक. इंग्रजी शब्द महत्त्व मोजतो. भलंबुरं तो ठरवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचं ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं. दख्खनचं पठार स्थिर, इथं मोठा भूकंप होत नाही, ही समजूत त्या पहाटे मोडली. किल्लारीचा परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो विभागच ठेवला नाही. अशा घटनेला हिस्टॉरिक म्हणण्यात गौरव कसला? गंमत अशी की भूकंपशास्त्रात 'हिस्टॉरिकल' भूकंप म्हणजे यंत्रांपूर्वीचे, फक्त लिखित नोंदींतून कळणारे. किल्लारीचा धक्का यंत्रांनी टिपलेला, म्हणून त्या अर्थानं तो हिस्टॉरिकल नाही.

'अ हिस्टॉरिक' की 'अ‍ॅन हिस्टॉरिक' यावरही वाद घालतात. 'ह' स्पष्ट उच्चारता ना? मग 'अ'. 'अ‍ॅन' ही जुन्या ब्रिटिश वळणाची खूण. चूक नाही, पण मुद्दाम आणू नये.

आणि दोन शब्दांमधली भिंत अगदी बिनफटीची आहे असंही समजू नका. 'फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उदगीरला निजामाला गाठतात, हरवतात आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख घेतात' असं घडून गेलेलं आपण वर्तमानकाळात सांगतो. या धाटणीला इंग्रजी व्याकरणाची काही पुस्तकं हिस्टॉरिक प्रेझेंट म्हणतात, काही हिस्टॉरिकल प्रेझेंट. परीक्षेत दोन्ही चालावेत.