घरच्या संगीतसंग्रहासाठी सर्व्हर निवडताना

म्युझिक सर्व्हर म्हणजे घरातल्या एका संगणकावर सतत चालणारे सॉफ्टवेअर. हार्ड डिस्कवरच्या गाण्यांच्या फाइली ते वाचते, त्यांची यादी तयार करते आणि मोबाइल, टीव्ही किंवा स्पीकरवरून मागणी आली की ते गाणे वायफायवरून पाठवते. वापरायला ते स्ट्रीमिंग सेवेसारखेच असते, पण गाणी घरची असतात आणि कंपनीचा करार संपला म्हणून ती एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. पुण्यातल्या कित्येक घरांत अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेट, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली, नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली पदे आहेत. यातले पुष्कळसे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. खडकवासल्यासारख्या उपनगरातही आता फायबर इंटरनेट पोचले आहे, त्यामुळे हा संग्रह घराबाहेरही ऐकणे अवघड राहिलेले नाही.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहावे. सीडीवरचा एक तासाचा आवाज मूळ स्वरूपात सुमारे 635 एमबी भरतो. फ्लॅक या प्रकारात आवाजातले काहीही न गमावता तो साधारण निम्म्यावर येतो. 320 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये तोच तास 144 एमबीत मावतो, पण काही भाग कायमचा टाकला जातो. हार्ड डिस्क आता इतकी महाग नाही, म्हणून जतन करायची प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी. बाहेरगावी डेटा वाचवायचा असेल तर सर्व्हर ऐन वेळी तिचे लहान रूप करून पाठवतो. ख्याल ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे बहुधा दोन वेगळे ट्रॅक असतात. ते सलग वाजले नाहीत तर द्रुत सुरू होतानाच आवाज तुटतो आणि रंगाचा बेरंग होतो. सर्व्हरबरोबरच मोबाइलवरच्या ॲपलाही ट्रॅक न तुटता वाजवता आले पाहिजेत.

खरी परीक्षा मात्र टॅगची. प्रत्येक फाइलच्या पोटात गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, संगीतकार, वर्ष अशी माहिती लिहिलेली असते आणि सर्व्हर तीच वाचून कपाट लावतो. ही रचना मुळात पाश्चात्त्य पॉप अल्बमसाठी झाली: एक कलाकार, एक अल्बम, दहा-बारा गाणी. गीतरामायण तिच्यात सहज बसत नाही. 1 एप्रिल 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे त्याची 56 गीते प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडक्यांचे, पण मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक गायक होते. पुढे फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. रेडिओवरच्या गीतांच्या फाइलींत ‘अल्बम कलाकार’ हा रकाना रिकामा राहिला, तर बहुतेक सर्व्हर एका गीतरामायणाचे गायकागणिक तुकडे करून पडद्यावर मांडतात. फडक्यांचे नाव एका फाइलीत देवनागरीत, दुसरीत रोमनमध्ये आणि तिसरीत वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेले असले, तर यादीत तीन सुधीर फडके उभे राहतात. माडगूळकर तर कित्येकदा कुठेच दिसत नाहीत, कारण गीतकाराचा रकाना कोणी भरलेलाच नसतो.

म्हणून आधी टॅग नीट करावेत. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड किंवा एमपी3टॅग हे प्रोग्राम त्यासाठी उपयोगी आहेत. एका व्यक्तीचे नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहावे. ‘पंडित’ लावायचे तर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. राग आणि ताल यांना वेगळा रकाना क्वचितच मिळतो, तेव्हा ते गाण्याच्या नावातच लिहिणे सोयीचे. या कामाला काही आठवडे लागतात, पण ते फाइलींमध्येच राहते. सॉफ्टवेअर उद्या बदलले तरी ही मेहनत वाया जात नाही.

फक्त संगीतच ऐकायचे असेल तर नॅव्हिड्रोम ही पहिली निवड ठरावी. ते मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, हलके आहे आणि मूळ फाइलींना हात लावत नाही. 2025 च्या सुरुवातीच्या मोठ्या सुधारणेपासून एका गाण्याचे अनेक कलाकार, संगीतकार आणि गीतकार त्याला वेगवेगळे ओळखता येतात. मराठी संग्रहासाठी ही फार मोलाची सोय आहे. सबसॉनिक या सर्व्हरच्या पद्धतीने जोडणारी ॲप त्याला चालतात: अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर अ‍ॅम्परफाय.

दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात एकच गाणे एकाच वेळी वाजायला हवे असेल, तर लिरियन म्युझिक सर्व्हर त्यात तरबेज आहे. त्याचा इतिहास बोलका आहे. स्लिम डिव्हायसेस या कंपनीच्या स्क्वीझबॉक्स उपकरणांसाठी ते घडले. 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि 2012 मध्ये उपकरणे बंद केली. सॉफ्टवेअरचा स्रोत मुक्त असल्यामुळे वापरणाऱ्यांनी ते पुढे चालवले आणि 2024 मध्ये त्याला लिरियन हे नाव मिळाले.

घरातले चित्रपट आणि व्हिडिओही त्याच सर्व्हरवर हवे असतील तर जेलीफिन घ्यावे. एम्बी या सर्व्हरचा स्रोत बंद झाल्यावर 2018 मध्ये त्यापासून फुटून ते निघाले. संगीताची बाजू त्यात दुय्यम आहे, पण फिनॅम्प ॲप ती उणीव बरीच भरून काढते. प्लेक्स बसवायला सोपे आहे आणि त्याचे प्लेक्सॅम्प हे ॲप देखणे आहे. मात्र त्यासाठी कंपनीच्या खात्यातून यावे लागते आणि काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात. आयुष्यभराचा संग्रह अशा बंद व्यवस्थेच्या भरवशावर ठेवू नये.

यंत्र साधे चालते. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो. पाच-सहा वॅट घेणारा रास्पबेरी पाय महिनाभर अखंड चालला तरी सुमारे 4 युनिटच वीज लागते. पावसाळ्यात वीज अचानक जाते आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना गेली तर डेटा बिघडतो, म्हणून छोटा यूपीएस जोडावा. घराबाहेरून ऐकताना वेगळीच अडचण येते. पुष्कळ इंटरनेट कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, त्यामुळे बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्डने मोबाइल आणि घर यांच्यात खासगी जोडणी केली की प्रश्न सुटतो आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडाही पडत नाही. एखाद्या गडाच्या वाटेवर मोबाइलची रेंज गेली तर ऐकता यावे म्हणून गाणी आधीच ॲपमध्ये उतरवून ठेवावीत.

यातले काहीही निवडले तरी सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली घरे सामानासकट बुडाली. दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवून भागत नाही. एक प्रत दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे असावी. प्लेलिस्ट, आवडीच्या खुणा आणि ऐकल्याच्या नोंदी गाण्यांच्या फाइलींत नसतात, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतात. त्या प्रतीत हा डेटाबेसही घ्यावा आणि महत्त्वाच्या प्लेलिस्ट एम3यू फाइलींच्या रूपात वेगळ्या काढून ठेवाव्यात, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरलाही त्या वाचता येतील.