तापलेला लॅपटॉप बंद का पडतो?



खानदेशातला मे महिना म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक! दुपारी पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. अशाच एका दुपारी आमच्या द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी काखेत लॅपटॉप घेऊन प्रयोगशाळेत आली. लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा, सात वर्षे वापरलेला. प्रकल्पाचा अहवाल चार दिवसांत द्यायचा होता आणि यंत्र दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप बंद पडत होते. "सर, दुकानदार म्हणाले, बोर्ड गेला, आता नवाच घ्या. पण घरी कसं सांगू?" ती म्हणाली. नवा लॅपटॉप म्हणजे तिच्या घरच्यांची काही महिन्यांची बचत.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "हाच लॅपटॉप जानेवारीत बंद पडत होता का?" ती म्हणाली, "नाही." या एका उत्तरात रोगाचे अर्धे निदान होते. ते कसे, हे आज आपण पाहू.

इस्त्रीपेक्षा तप्त जागा

लॅपटॉपमधील प्रोसेसर ही सिलिकॉनची एक छोटीशी चकती. तिचे क्षेत्रफळ साधारण एक-दीड चौरस सेंटीमीटर. त्यातील कोट्यवधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात आणि जी विद्युतऊर्जा आत जाते, ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जड काम चालू असताना ही शक्ती ३० वॅट आहे असे धरू. ३० वॅट म्हणजे फार नव्हे, असे तुम्हांला वाटेल. पण जरा हिशेब करा. घरच्या १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे १५० चौरस सेंटीमीटर असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेसहा-सात वॅट. प्रोसेसरच्या बाबतीत हाच आकडा २० वॅट किंवा त्याहून अधिक येतो! ही उष्णता सतत वाहून नेली नाही, तर काही सेकंदांतच चकती धोक्याच्या तापमानाला पोहोचेल.

म्हणून प्रोसेसरमध्ये तापमान मोजणारे संवेदक बसवलेले असतात. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आले, की प्रोसेसर प्रथम आपली गती आणि व्होल्टता कमी करतो, म्हणजे उष्णता कमी निर्माण होते. लॅपटॉप अचानक रेंगाळू लागतो तो यामुळे. एवढ्यानेही भागले नाही, तर वीजपुरवठाच तोडला जातो. तेव्हा लक्षात ठेवा, बंद पडणे हा येथे मूळ रोग नव्हे, ते यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी केलेले काम आहे. घरातला फ्यूज उडतो, तसेच हे.

उष्णतेचा प्रवास

आता ही उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू. तिच्या वाटेवर चार मुक्काम आहेत.

पहिला मुक्काम थर्मल पेस्टचा. प्रोसेसर आणि त्यावर दाबून बसवलेला तांब्याचा तुकडा, दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच. मधल्या फटींत हवा राहिली तर घोटाळा होतो, कारण हवा अत्यंत मंद उष्णतावाहक आहे. त्या फटी भरण्यासाठी पेस्टचा पातळ थर लावतात. चांगली पेस्ट हवेच्या जवळजवळ २०० पट अधिक उष्णता वाहून नेते. थर एक विसांश मिलिमीटर जाडीचा असेल, तर ३० वॅटसाठी त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत अवघा दोनेक अंशांचा फरक पडतो. त्याच जागी नुसती हवा असती, तर ४०० अंशांचा फरक लागला असता!

दुसरा मुक्काम उष्णता-नळीचा. तांब्याची ही चपटी नळी भरीव असते असा पुष्कळांचा समज आहे, पण ती पोकळ असते. आतील हवा काढून घेऊन तिच्यात थेंबभर पाणी ठेवलेले असते. तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी जाऊन ती पुन्हा पाणी बनते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे ते पाणी परत येते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ होताना ५४० कॅलरी अप्रकट उष्णता शोषली जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. तोच धडा येथे कामाला येतो. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी तयार केली होती. अवकाशयानांसाठी उपयोगी पडलेली ही युक्ती आज तुमच्या दप्तरात आहे!

तिसरा मुक्काम धातूच्या पातळ पट्ट्यांचा. पट्ट्यांमुळे हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ वाढते. आणि चौथा मुक्काम पंख्याचा. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. ती २५ अंशांनी तापली, तर सुमारे ३० ज्यूल उष्णता घेते. म्हणजे ३० वॅट बाहेर टाकण्यासाठी पंख्याने दर सेकंदाला एक लिटर हवा पट्ट्यांतून ढकलली पाहिजे. वाट निम्मी बुजली, तर तीच हवा ५० अंशांनी तापावी लागेल आणि आतले सारेच तापमान त्या प्रमाणात चढेल.

जानेवारी आणि मे

या चारही मुक्कामांचा मिळून जो अडथळा होतो, त्याला उष्णता-रोध म्हणतात. ओहमच्या नियमाशी हे किती जुळते पाहा! तेथे विद्युतधारा आणि रोध यांचा गुणाकार केला की विभवांतर मिळते, येथे वॅट आणि उष्णता-रोध यांचा गुणाकार केला की तापमानातील फरक मिळतो.

नव्या लॅपटॉपचा रोध दर वॅटला १.५ अंश धरू. ३० वॅटसाठी फरक ४५ अंश. जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० अंशांवर, मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर ८५ अंशांवर. दोन्ही वेळा तो सुखरूप. आता धूळ साचून आणि पेस्ट वाळून रोध २.१ झाला असे समजा. फरक ६३ अंश. जानेवारीत ८८ अंश, काम चालू! मे महिन्यात १०३ अंश, काम बंद! म्हणजे लॅपटॉप एका रात्रीत बिघडलेला नाही. तो वर्षानुवर्षे हळूहळू बिघडत होता, उन्हाळ्याने ते फक्त उघड केले.

एका वेळी एकच बदल

आम्ही त्या लॅपटॉपवर रीतसर प्रयोगच केला. तो ती गादीवर ठेवून वापरत असे. गादीने खालची हवेची तोंडे बुजतात. लाकडी टेबलावर ठेवून मागची बाजू दोन वह्यांनी उचलली, तेव्हा तेच काम पंचवीस मिनिटे चालले. मग पडद्यामागे विनाकारण चालू असलेले कार्यक्रम बंद केले. उष्णता कमी निर्माण करणे हाही उपायच.

नंतर यंत्र बंद करून, चार्जर काढून आम्ही तळ उघडला आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. तो मऊ कुंचल्याने काढला. पंखा गरगर फिरू नये म्हणून पाते बोटाने धरून ठेवले होते. आता लॅपटॉप बंद पडेना, पण प्रोसेसर ९४ अंशांवर होता. मग खडूसारखी कोरडी झालेली जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी लावली. त्याच खोलीत, त्याच कामाला तापमान ८२ अंश! बोर्ड गेलेला नव्हताच. अहवाल वेळेवर दिला गेला.

यातील पहिले दोन उपाय तुम्ही आजच करू शकता. लॅपटॉप उघडणे मात्र शिक्षकांसमोर किंवा जाणकारासमोरच करा. तो थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे किंवा ओले फडके लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. हवेतील बाष्प आत दवासारखे जमते आणि मग खरोखरच बोर्ड जातो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. ती जाणकाराकडून बदलून घ्या आणि जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्या.

सर्वच लॅपटॉप असे वाचतात असे नाही, काहींचा बोर्ड खरेच जातो. पण "गेला" असे म्हणण्यापूर्वी उष्णतेची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून पाहावी. तुमच्या शाळेच्या संगणककक्षात एखादा म्हातारा लॅपटॉप कोपऱ्यात पडला असेल. तो किती मिनिटांत बंद पडतो, हे सकाळी आणि दुपारी, खोलीचे तापमान नोंदवून मोजा. दोन नोंदींत फरक आढळला, तर तो भंगारात जाण्यापूर्वी विज्ञानाच्या शिक्षकांना नक्की दाखवा.