साठवणीचे डबे : टिकतात कशाने, बिघडतात कशाने?

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या लँकेस्टर शहरात चर्चच्या सहभोजनानंतर २९ जणांना ‘बॉट्युलिझम’ ही विषबाधा झाली. त्यातील एकाचा मृत्यू झाला. सॅलडमधले बटाटे घरी बरणीबंद केलेले होते. मात्र प्रेशर कॅनरऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यात.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या मातीतल्या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसलाही तासन्‌तास तग धरतात. बंद बरणीत ऑक्सिजन नसतो, ओलावा असतो आणि बटाट्यात आंबटपणा नसतो. अशा जागी ते रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. अनेकदा चव किंवा वास बदलतही नाही. या बीजाणूंचा नाश करण्यासाठी साधारण १२१ अंश तापमान लागते. ते दाबाखालच्या वाफेतच मिळते. पदार्थाचा पीएच ४.६ हून कमी, म्हणजे तो पुरेसा आंबट असेल, तर उकळते पाणी पुरते. घेवडा, मका, बटाटे, मांस यांना मात्र दाब हवाच.

अमेरिकेत व्हर्जिनिया, जॉर्जिया या राज्यांतील सामुदायिक ‘कॅनरी’ याच कामी येतात. परसातली भाजी घेऊन कुटुंबे तिथे जातात. वाफेवरच्या मोठ्या कढया आणि दाबयंत्रे तिथे असतात. किती वेळ, किती दाब, हे जाणकार कर्मचारी पाहतो.

कोरड्या धान्याची गोष्ट निराळी. संकटकाळासाठी घरात धान्य ठेवावे, अशी मॉर्मन पंथाची शिकवण आहे. त्यासाठी त्यांनी चालवलेल्या केंद्रांत अनेक वर्षे लोक स्वतः गहू, तांदूळ, कडधान्ये डब्यांत भरून सीलबंद करत. डब्यात ऑक्सिजन शोषणारी, लोहाची पूड असलेली पुडी टाकायची. ऑक्सिजन संपला की किडे जगत नाहीत, स्निग्धांशही लवकर खवट होत नाही. थंड, कोरड्या जागी असा गहू आणि पांढरा तांदूळ ३० वर्षेही खाण्याजोगा राहू शकतो. हातसडीचा तांदूळ आणि शेंगदाणे यांत तेल जास्त, म्हणून ते चालत नाहीत. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवा. ओलसर जिन्नस हवाबंद केला, तर तोच बॉट्युलिझमचा धोका पुन्हा उभा राहतो.

आपल्याकडे वर्षाचे धान्य उन्हात खडखडीत वाळवून कणगीत भरत, त्यामागेही ओलावा घालवण्याचेच शास्त्र आहे. डाळीला एरंडेल चोळणे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे हे किडीसाठी. कैरीचे लोणचे टिकते ते मिठामुळे आणि आंबटपणामुळे. तेलात बुडवलेला नुसता लसूण मात्र आंबट नसतो, म्हणून तो बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्येही थोडेच दिवस.

घरचा प्रेशर कुकर कॅनरची जागा घेऊ शकत नाही. तो आकाराने लहान असतो, लवकर तापतो आणि लवकर निवतो. कॅनिंगच्या तपासलेल्या वेळा मोठ्या कॅनरसाठी ठरवलेल्या आहेत. त्यामुळे भाज्या साठवायच्या असतील, तर वाळवणे किंवा गोठवणे हाच घरचा सुरक्षित मार्ग. वाळवण कोरड्या डब्यात भरावे, तारीख लिहावी, जुने आधी संपवावे. आणि फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फसफसणारा डबा चाखूनही पाहू नये; सरळ टाकून द्यावा.